घोड्याला न सांगता कळतं, मग लेकराला?

🙏 ॥ श्री सद्गुरवे नमः ॥ 🙏

*साप्ताहिक स्वाध्याय : कुटुंबाने एकत्र बसून मोठ्याने वाचावा*



मागच्या आठवड्यात वडोदऱ्याच्या आपल्या एका ताईंनी गटावर प्रश्न विचारला होता. त्यांनी लिहिलं होतं, "मी मुलावर हात उगारत नाही. ओरडणं सोडूनही दोन वर्षं झाली. सकाळी जप होतो, संध्याकाळी आरती होते. तरी मी खोलीत पाऊल टाकलं की तो वही झाकतो. असं का होत असेल?"

प्रश्नाखाली भरपूर फुलं आली, जोडलेले हात आले. उत्तर मात्र कुणी दिलं नाही. खरं सांगायचं तर मीही दिलं नाही, कारण तो प्रश्न माझ्याच घरातला होता. म्हणून या वेळचा पाठ लिहायची सेवा मी मागून घेतली.

पाठ घोड्यावर आहे. हसू नका. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला घोड्याकडूनच मिळालं, आणि ते कसं, हे शेवटी सांगतो. आधी थोडा अभ्यास करू.

*१. रथाची गोष्ट आपण अर्धीच वाचतो*

कठोपनिषदातला रथ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. शरीर हा रथ, आत्मा रथात बसलेला धनी, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम आणि इंद्रियं हे घोडे. लगाम सुटला तर घोडे रानोमाळ उधळतात, लगाम हाती असला तर प्रवास मुक्कामाला पोचतो.

हे आपण इतक्यांदा ऐकलंय की त्यातून एकच गोष्ट डोक्यात बसते : लगाम घट्ट धरा. मन ओढा, इंद्रियं दाबा, घरच्यांनाही जरा आवळून ठेवा. पण ज्यांनी हा दृष्टान्त दिला त्यांच्या काळी रथ रोजच्या वापरातला होता आणि घोडा दारात उभा असायचा. ऐकणाऱ्याला घोडा कसा असतो हे ठाऊक होतं. आपल्याला ते ठाऊक नाही. आपला घोडा लग्नाच्या वरातीपुरता किंवा माथेरानच्या सहलीपुरता. म्हणून आज आधी घोडाच समजून घेऊ.

*२. घोडा कसा असतो*

घोडा हा गवत खाणारा, कळपात राहणारा आणि पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याला शिंगं नाहीत, नख्या नाहीत. वाघ-लांडगे ज्याच्या मागावर असतात अशा जिवाला देवाने जे द्यायला हवं ते सगळं दिलंय.

👉 डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्यामुळे जवळजवळ चहूबाजूंचं त्याला दिसतं. दिसत नाही ते फक्त अगदी कपाळासमोरचं आणि अगदी शेपटीमागचं. म्हणूनच घोड्याच्या मागून जाऊ नये असं जुनी माणसं सांगायची.

👉 कान वेगवेगळे फिरतात. एक कान तुमच्याकडे, दुसरा रस्त्याकडे. आपल्या कानांना ऐकू न येणारे बारीक, उंच आवाजही त्याला ऐकू येतात.

👉 तो उभ्या-उभ्या डुलकी घेऊ शकतो, पण पुरती झोप त्याला आडवं झाल्यावरच लागते. आणि आडवा तो तेव्हाच होतो जेव्हा त्याला सुरक्षित वाटतं. कळपात बहुतेक वेळा एखादा उभा राहून राखण करतो, तेव्हा बाकीचे निजतात.

👉 पोट लहान. थोडं थोडं पण दिवसभर खावं लागतं. त्याला ओकता येत नाही, म्हणून चुकीचं खाणं किंवा पोटदुखी त्याच्या जिवावर बेतू शकते.

👉 शांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याचं हृदय मिनिटाला साधारण २८ ते ४४ ठोके देतं. आपल्यापेक्षा कमी. पण भीती वाटली की काही क्षणांत ते किती तरी पटींनी वाढतं.

आता विचार करा. असा सदा सावध प्राणी माणसाला पाठीवर बसू देतो. पाठ म्हणजे नेमकी तीच जागा, जिथे वाघ झेप घेतो. आज जगात दिसणाऱ्या पाळीव घोड्यांचे पूर्वज सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी रशियातल्या व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या गवताळ मुलखात माणसाळले, असं प्राचीन हाडांच्या अभ्यासातून दिसतं. तेव्हापासून हा जीव आपल्यावर इतका मोठा विश्वास टाकत आलाय. आणि विश्वास टाकण्याआधी तो आपल्याला वाचतो. ते वाचणं किती बारीक असतं याच्या दोन खऱ्या गोष्टी सांगतो.

*३. बर्लिनचा हान्स*

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत बर्लिन शहरात फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त गणित शिक्षक होते. त्यांनी आपल्या हान्स नावाच्या घोड्याला गणित शिकवायला घेतलं. अमुक अधिक तमुक किती, असं विचारलं की हान्स तेवढ्या वेळा टाप आपटायचा. उत्तर बरोबर! लोक लांबून बघायला यायचे. मास्तर पैसे घेत नसत, फसवाफसवी करत नसत. १९०४ मध्ये जाणकारांची समिती बसली, तिलाही काही लबाडी सापडली नाही.

मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या एका अभ्यासकाने नीट परीक्षा घेतली आणि १९०७ मध्ये ती छापली. त्याने दोन गोष्टी करून पाहिल्या. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल असं केलं, तर हान्स चुकायला लागला. विचारणारा हान्सला दिसणार नाही असं केलं, तरी हान्स चुकला.

म्हणजे हान्सला गणित येत नव्हतं. त्याला माणूस येत होता. प्रश्न विचारून झाला की विचारणारा नकळत किंचित पुढे झुकायचा आणि टापेकडे बघायचा. बरोबर आकडा आला की त्याचं डोकं केसभर वर उचललं जायचं. तेवढ्यावर हान्स थांबायचा. मास्तरांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं की आपण खूण करतोय.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. फुंग्स्टला गुपित कळल्यावर त्याने ठरवलं की आता आपण खूण करायचीच नाही. तरीही त्याच्याकडून ती होतच राहिली!

साधकहो, इथे थोडं थांबा. आपण म्हणतो, "मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही." ज्या माणसाने ही खूण शोधून काढली, त्यालासुद्धा ती लपवता आली नाही. मग आपली काय कथा?

*४. न उघडलेली छत्री*

दुसरी गोष्ट अलीकडची, स्वीडनमधली. २००९ साली छापलेला एक प्रयोग आहे. काही माणसांना सांगितलं, हा घोडा धरून इथून तिथवर चालत न्या. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं, "या वेळी तुम्ही जाताना वाटेत घोड्यासमोर एकदम छत्री उघडणार आहोत." घोडा आणि माणूस दोघांच्या हृदयाचे ठोके यंत्राने मोजले जात होते.

छत्री उघडलीच नाही.

तरी माणसाचे ठोके वाढले. आता घोडा बिथरणार, आपण सावरू शकू का, ही धास्ती. आणि ज्याला छत्रीची काहीच कल्पना नव्हती, त्या घोड्याचेही ठोके वाढले. बाहेरून बघणाऱ्याला घोडा नेहमीसारखाच चालताना दिसत होता. आतून मात्र तो घाबरला होता. भीती छत्रीची नव्हती, सोबतच्या माणसाच्या काळजीची होती.

हाच प्रयोग घोड्यावर बसूनही केला. तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. छत्रीचं ऐकल्यावर स्वारांनी लगाम जास्त आखडून धरला. कठोपनिषदातला रथ आठवा. मन म्हणजे लगाम. मनात धास्ती आली की लगाम आपोआप आखडतो, आणि आपल्याला वाटतं आपण सावधपणे हाकतोय.

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी असंही दाखवलंय की माणसाच्या रागीट चेहऱ्याचा नुसता फोटो पाहिला तरी घोड्याचे ठोके झपाट्याने वाढतात. पुढच्या एका अभ्यासात फोटोत रागीट दिसलेला माणूस काही तासांनी साध्या चेहऱ्याने समोर आला, तरी घोडे त्याच्याशी जपून वागले. एकदा पाहिलेला राग त्यांनी लक्षात ठेवला होता.

हा काही चमत्कार नाही. घोडा अंतर्यामी नाही. आपला श्वास, खांदे, मुठीची पकड, पावलांचा वेग, डोळ्यांभोवतीच्या रेषा हे सगळं तो वाचतो, कारण ते वाचण्यावर त्याच्या हजारो पिढ्या जगल्या आहेत. आणि साधकहो, आणखी एक जीव असा आहे ज्याचं जगणं पूर्णपणे मोठ्यांवर अवलंबून असतं आणि ज्याला बोलता येण्याच्या आधीपासून मोठ्यांचे चेहरे वाचावे लागतात. तो जीव आपल्या घरातच आहे.

*५. भर लढाईत सोडलेले घोडे*

आता कुणी म्हणेल, "मनात काळजी असली तर करायचं काय? काळजी काय बटण दाबून बंद होते?" नाही होत. म्हणून आता भगवंतांनी काय केलं ते पाहू.

महाभारतातलं द्रोणपर्व. युद्धाचा चौदावा दिवस. अभिमन्यू गेलाय, आणि सूर्यास्ताआधी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्नीत प्रवेश करीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा आहे. एकेक घटका मोलाची. वाटेत अवंतीचे, म्हणजे आपल्या उज्जैनकडचे, विंद आणि अनुविंद आडवे आले, त्यांच्याशी लढाई झाली. जयद्रथ अजून लांब आहे आणि रथाचे घोडे दमलेत. अंगात बाण रुतलेत. तहान लागलीय.

आपण असतो तर काय केलं असतं? चाबूक ओढला असता. "आजचा दिवस काढा, उद्या बघू."

अर्जुनानेच विषय काढला की घोडे सोडावेत, त्यांच्या अंगातले बाण काढावेत. श्रीकृष्ण म्हणाले, माझ्याही मनात तेच आहे. भर रणात, शत्रूच्या गराड्यात, घोडे रथातून सोडले! अर्जुन खाली उतरून जमिनीवर उभा राहिला आणि एकट्याने शत्रूला थोपवून धरलं. घोड्यांना पाणी नव्हतं, तर त्याने अस्त्राने भूमी भेदून सरोवर निर्माण केलं. भोवती बाणांचं घर उभं केलं. आणि त्या घरात साक्षात भगवंतांनी स्वतःच्या हातांनी घोड्यांच्या अंगातले बाण काढले, अंग चोळलं, त्यांना लोळू दिलं, न्हाऊ-पाणी घातलं, चारा दिला. त्यांचा शीण गेल्यावरच पुन्हा रथाला जोडलं. प्रतिज्ञा त्याच दिवशी पूर्ण झाली.

गीता सांगणाऱ्या मुखाचं आपण रोज स्मरण करतो. घोड्याच्या अंगातले बाण काढणारे त्याच भगवंताचे हात आपल्या ध्यानात येतात का? प्रतिज्ञेची काळजी कृष्णार्जुनांनाही होतीच. पण ती काळजी त्यांनी घोड्यांच्या पाठीवर टाकली नाही. आधी घोडे, मग प्रतिज्ञा.

*६. प्रेम म्हणजे दाणा-वैरणीचा हिशोब*

छत्रपती शिवाजी महाराजांचं चिपळूण भागातल्या लष्कराला लिहिलेलं एक प्रसिद्ध पत्र आहे. त्यात महाराज बारीकसारीक गोष्टी सांगतात. पावसाळाभर पुरेल असा दाणा-वैरण जपून वापरा. आत्ताच सगळं उधळलंत तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. रयतेच्या घरात शिरून धान्य-गवत ओढून आणू नका. एवढंच काय, रात्री दिव्याची पेटती वात उंदराने नेली तर गवताला आग लागेल, म्हणून दिवे विझवून झोपा!

स्वराज्याचा धनी उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतोय. याला म्हणतात काळजी घेणं. काळजी *करणं* आणि काळजी *घेणं* या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्या छातीत धडधडते आणि समोरच्याला घाबरवते. दुसरी हातांतून बाहेर पडते आणि समोरच्याला निवांत करते.

*७. अंकलीहून आळंदीला*

बेळगावकडच्या आपल्या मंडळींना हे सांगायला नको, पण इंदूर-हैदराबादच्या मुलांसाठी लिहितो. माऊलींच्या पालखीबरोबर जे अश्व चालतात, ते बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून येतात. तिथल्या शितोळे सरदारांच्या घराण्याकडे हा मान आहे. दरवर्षी हे अश्व अंकलीच्या वाड्यातून निघून सुमारे ३०० किलोमीटर चालत आळंदीला पोचतात आणि तिथून पुन्हा पालखीबरोबर पंढरपूर. आणि ग्वाल्हेरकरांनो, पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरी ग्वाल्हेरला होते. म्हणजे वारीच्या या वैभवात तुमच्या गावाचाही वाटा आहे.

अश्व दोन असतात. एकावर पताका घेतलेला स्वार. दुसऱ्यावर कुणीच नाही. तो माऊलींचा अश्व. पाठीवर गादी आहे, पण जागा मोकळी. रिंगणात वारकरी गोल करून उभे राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो, आणि त्या मोकळ्या पाठीचा अश्व वाऱ्यासारखा दौडत सुटतो. दौड झाली की लोक टापांखालची माती कपाळाला लावतात.

वर काय वाचलं ते आठवा. एका न उघडलेल्या छत्रीने ज्याचे ठोके वाढतात, तो जीव हजारो माणसांच्या मधोमध, एवढ्या गजरात दौडतो. सराव असतो, अंकलीपासून सोबत चालत आलेली ओळखीची माणसं असतात, हे तर खरंच. पण मला दरवेळी असंही वाटतं की त्या वर्तुळात उभ्या असलेल्या कुणालाच त्या घोड्याकडून काही मिळवायचं नसतं. शर्यत नाही, जिंकणं-हरणं नाही. सगळे त्याच्याकडे नुसते आनंदाने बघत असतात.

आपल्या मुलाकडे आपण असं शेवटचं कधी बघितलं?

*८. लष्करचा टांगा*

आता माझी गोष्ट. माझं लहानपण ग्वाल्हेरला, लष्कर भागात गेलं. आम्ही सहा मुलं टांग्यातून शाळेत जायचो. टांगेवाले चाचा वयस्कर होते आणि त्यांच्या घोडीचं नाव बन्नो. आमच्या डब्यांची आठवण आमच्या आयांना राहायची, तशी चाचांना बन्नोच्या तोबऱ्याची. शाळेच्या फाटकाशी आम्ही उतरलो की आधी तिच्या तोंडाला तोबरा, मग स्वतःची विडी.

शनिवारी अर्धा दिवस शाळा असायची. येताना चाचा एकेका मुलाला पुढे बसवून लगाम धरायला द्यायचे. बाकीच्यांच्या हाती बन्नो छान चालायची. माझी पाळी आली की मान वर, कान मागे-पुढे, दोन पावलं आणि थांब. मुलं हसायची. एकदा मी रडकुंडीला येऊन विचारलं, "चाचा, ये मुझे ही क्यों परेशान करती है?"

चाचा म्हणाले, "परेशान तो तू है बेटा, ये तो बता रही है."

माझी मूठ त्यांनी उलगडून दाखवली. लगाम इतका आवळला होता की तळहातावर वळ उठले होते. मग म्हणाले, "कुछ गा. गाना आए न आए, गा." मला गाणं सुचेना. मी पाढे म्हणायला लागलो, आजोबा शिकवायचे तसे, चालीत. बे एके बे, बे दुणे चार. सहाच्या पाढ्यापर्यंत गेलो तेव्हा बन्नोची मान खाली आली होती आणि ती चालत होती. गाताना श्वास लांब बाहेर सुटतो, मूठ सैल पडते, एवढंच यातलं गमक. पण ते मला कळायला चाळीस वर्षं गेली.

चाळीस वर्षांनी माझा मुलगा दहावीला होता. मी साधक माणूस, रागावायचं नाही असा नेम घेतलेला. नेम मी पाळलाही. मार्कांवरून एक शब्द बोललो नाही. फक्त संध्याकाळी ऑफिसातून येताना पोटात गोळा असायचा : आज काय निघणार? दार उघडलं की माझी नजर आधी त्याच्या टेबलाकडे जायची. त्याने हाक मारली की माझा श्वास अडकायचा. म्हणजे रोज संध्याकाळी मी घरात एक छत्री घेऊन शिरायचो. उघडत नव्हतो, इतकंच.

एक दिवस रद्दी काढताना त्याच्या जुन्या दप्तरात सराव परीक्षेच्या तीन उत्तरपत्रिका सापडल्या. घडी घालून तळाशी कोंबलेल्या. तिन्हींवर पालकांची सही हवी होती आणि तिन्हींवर माझी सही होती. ती मी केलेली नव्हती.

मी जमिनीवर बसलो. राग आला नाही. लाज वाटली. ज्या घरात रोज आरती होते, त्या घरात माझ्या मुलाला खोटी सही माझ्या चेहऱ्यापेक्षा सोपी वाटली. आणि कुठून कोण जाणे, चाचांचा आवाज कानात आला. परेशान तो तू है बेटा.

त्या दिवशी मी त्याला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून एकच केलं. घरी आलो की फाटकाशी थांबायचं. मुठी उलगडायच्या. नाम घेत लांब श्वास सोडायचा, अकरा वेळा. नामात मन लागलं नाही तर पाढे. हो, पाढेसुद्धा! मग आत जायचं आणि टेबलाकडे न बघता त्याच्याकडे बघायचं. आठवडाभराने मी त्याला सांगितलं की उत्तरपत्रिका मला सापडल्या आहेत, सही चुकीची होती, पण तुला ती करावीशी वाटली यात माझाही वाटा आहे. तो काही बोलला नाही. बराच वेळ बोलला नाही.

सुमारे दीड महिन्याने मी बूट काढत होतो तेव्हा तो बाहेर आला आणि म्हणाला, "बाबा, गणितात एकतीस आलेत."

शंभरापैकी एकतीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. त्याने वही झाकली नव्हती.

पुढे त्याला फार मार्क मिळाले असं काही नाही. पास झाला, आपल्या पायावर उभा राहिला. पण आजही काही चुकलं की पहिला फोन मला करतो. ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे. आपण ओरडणं सोडलं, ही पहिली पायरी. आता मूठ सोडायची.

*९. या आठवड्याचा अभ्यास* 🌼

१) *फाटकाचा नेम.* घरात शिरण्याआधी एक मिनिट थांबा. मुठी सैल, खांदे खाली, नाम घेत अकरा लांब श्वास बाहेर. ज्या आई-काकू घरीच असतात, त्यांनी मुलं शाळेतून यायच्या आधी देवापाशी हे करावं.

२) *छत्री ओळखा.* मला नेमकी कशाची धास्ती आहे, ते एका कागदावर लिहा. मार्क? लोक काय म्हणतील? पैसा? लिहून देवापुढे ठेवा. लिहिलेली छत्री हातात राहत नाही.

३) *आधी चारा.* घरी आलेल्या माणसाला पहिला प्रश्न कामाचा विचारू नका. पाणी, खाणं, दोन मिनिटं शेजारी बसणं, मग बाकीचं. भगवंतांनी घोडे सोडले ते आठवा.

४) *हात फिरवा.* घोडे एकमेकांची मान आणि खांदे खाजवतात. आयाळ संपते तिथे माणसाने खाजवलं तरी घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे मोजून पाहिलेलं आहे. आपल्या घरात आजी नातवाच्या डोक्याला तेल लावते ते हेच. हा नेम बंद पडला असेल तर पुन्हा सुरू करा.

५) *मुक्या जिवाची सेवा.* लग्नसराई येते आहे. घरचं लग्न असेल तर वरातीच्या घोडीजवळ फटाके लावू देऊ नका, बँड तिच्या कानाशी वाजवू नका, वरात थांबेल तिथे तिला पाणी मिळतंय का बघा. तिच्या मालकाशी मुलांच्या देखत आदराने बोला. मुलं बघत असतात.

*१०. कुटुंबात चर्चेसाठी*

🔸 हान्सला उत्तर कसं कळायचं? फुंग्स्टला ठाऊक असूनही त्याची खूण का थांबली नाही? (हे लहान मुलांना सांगू द्यावं.)

🔸 आपल्या घरात कोण आलं की सगळे गप्प होतात? कोण आलं की मोकळे होतात? (मोठ्यांनी उत्तर ऐकून घ्यावं, लगेच खुलासा देऊ नये.)

🔸 काळजी करणं आणि काळजी घेणं, यातला आपल्या घरातला एकेक प्रसंग सांगा.

🔸 माऊलींच्या अश्वाची पाठ मोकळी का ठेवत असतील? प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यावं.

ज्यांच्या घरी काही वेगळा अनुभव आला असेल त्यांनी रविवारपर्यंत गटावर लिहावा. उत्तरपत्रिका सापडल्याचा अनुभव असला तरी लाजू नये, मीही लिहिला आहे.

पुढच्या स्वाध्यायात पुन्हा भेटू.

सद्गुरुचरणी अर्पण. 🙏